कोटेशन खालून वर

लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन "गेमिंग पीसी बनवायचाय, स्ट्रीमिंगही करायचंय" म्हटलं, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आकडा सांगितला की पाच मिनिटांत कोटेशन हातात पडतं. त्यातला क्रम बहुतेक ठरलेला असतो. वर प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि अगदी तळाशी एसएमपीएस आणि कॅबिनेट. (लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. रस्त्याचं नाव पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं, पण ग्राफिक्स कार्ड घ्यायला भडकमकर मार्गावर जातो असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.) पुण्याच्या तापकीर गल्लीत विचारलं तरी कागद साधारण असाच येतो.

क्रमात वावगं काही नाही. अडचण अशी की आपण पैसेही त्याच क्रमाने वाटतो. वरच्या ओळींवर हात सैल सुटतो, खाली येईतो बजेट संपत आलेलं असतं, आणि "एसएमपीएस काय, कुठलाही चालेल" हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघतंच. नुसता गेम खेळायचा असेल तर हा हिशेब एकवेळ खपून जातो. स्ट्रीमिंग करायचं असेल तर मात्र कागदावर जी गोष्ट नसतेच तिथून सुरुवात करावी लागते. ती गोष्ट म्हणजे घराबाहेर जाणारी इंटरनेटची वायर.

ब्रॉडबँडवाला जो वेग सांगतो तो बहुधा डाउनलोडचा असतो. स्ट्रीमरला हवा अपलोडचा. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात. जुन्या केबलच्या जोडणीवर अपलोड बराच कमी असू शकतो. फुल एचडी, म्हणजे १०८०पी चित्र सेकंदाला ६० फ्रेमने पाठवायला ट्विचची शिफारस ६ मेगाबिटची आहे. यूट्यूब त्याहून जास्त घेतं. ६ मेगाबिट म्हणजे तासाला सुमारे २.७ जीबी. ही गती सलग, न अडखळता मिळायला हवी. म्हणून मोजलेल्या अपलोडच्या निम्म्याहून फार वर जाऊ नये आणि मोजणी दुपारी दोनला न करता रात्री नऊला करावी, कारण तुम्ही लाइव्ह जाणार तेव्हाच बिल्डिंगमधले सगळे सिनेमे बघत बसलेले असतात. वाय-फायच्या भरवशावरही राहू नका. राउटरपासून पीसीपर्यंत लॅनची केबल ओढा. अख्ख्या खरेदीतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग.

आता हा ६ मेगाबिटचा आकडा घेऊन उलटं चालू लागू. १०८०पी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला ६० चित्रं, तर कच्चा माल होतो सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट. वायरीतून जाणार ६ मेगाबिट. म्हणजे पाचशे भागांतला एक भाग ठेवायचा, उरलेले ४९९ टाकून द्यायचे, आणि तरीही बघणाऱ्याला काही गेल्याचं कळता कामा नये. शिवाय एका फ्रेमच्या वाट्याला वेळ येतो १६.७ मिलिसेकंद. हे काम करणाऱ्याला एनकोडर म्हणतात. तो प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्या काळात "हा तुकडा इथून तिथे सरकला" एवढीच माहिती. भिंत स्थिर असेल तर काम सोपं. खेळाडू उंच गवतातून पळायला लागला, पाऊस किंवा धूर आला, की पडद्यावरचा प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला सरकतो आणि चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटतं. चांगल्या-वाईट एनकोडरमधला फरक याच गवतात दिसतो.

हे काम कोण करणार, यावर सगळ्या मशीनची रचना अवलंबून असते, आणि याच बाबतीत जुना सल्ला आता शिळा झाला आहे. २०१७च्या सुरुवातीला इंटेलचा घरगुती गेमिंगमधला नावाजलेला प्रोसेसर, कोअर आय७-७७००के, चार कोअरचा होता. गेम आणि एनकोडिंग दोन्ही त्याच्या गळ्यात घातलं की त्याची दमछाक व्हायची. त्याच वर्षी एएमडीने आठ कोअरचा रायझन आणला, आणि एकाच वेळी गेम आणि स्ट्रीम हा त्याच्या विक्रीचा मोठा मुद्दा होता. त्या काळी तो खराही होता. स्ट्रीमर मंडळी 'एक्स२६४' या सॉफ्टवेअर एनकोडरची 'व्हेरीफास्ट', 'फास्ट', 'मीडियम' ही सेटिंग्ज घोकत बसायची. जितकं मंद सेटिंग तितकं चित्र चांगलं आणि प्रोसेसरवर ताण जास्त. ज्यांच्याकडे पैसे होते ते सरळ दोन पीसी ठेवायचे, एक खेळायला आणि एक पाठवायला.

ग्राफिक्स कार्डात एनकोडिंगसाठी स्वतंत्र भाग तेव्हाही होता. एनव्हिडियाचा एनव्हीएन्क २०१२पासून होता, इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधला क्विक सिंक त्याच्याही आधी, २०११ साली आला. पण त्यांचं चित्र डोळ्यांत खुपायचं. २०१८ साली एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीने, म्हणजे आरटीएक्स २० मालिकेने, हे बदललं. तिच्या एनव्हीएन्कचं चित्र 'व्हेरीफास्ट'च्या पुढे जाऊन 'मीडियम'च्या आसपास पोचलं. पाठोपाठ २०१९च्या फेब्रुवारीत ओबीएस स्टुडिओ या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरची २३वी आवृत्ती आली आणि तयार झालेली फ्रेम रॅममध्ये नेऊन परत आणायचा खटाटोप वाचला. कार्डावर तयार झालेलं चित्र कार्डावरच आवळलं जाऊ लागलं. प्रोसेसर या कामातून जवळजवळ मोकळा झाला. त्यानंतरही "स्ट्रीमिंग करायचंय ना, मग जास्त कोअरचा घ्या" हा सल्ला दुकानांत आणि मित्रमंडळींत चालूच राहिला. एका मशीनवर गेम आणि स्ट्रीम एवढंच करायचं असेल तर आज तो सल्ला पैसे वाया घालवणारा आहे. त्या जादा कोअरचे पैसे कार्डात घाला.

मात्र कार्ड घेताना त्यात एनकोडर आहे का, आणि कुठल्या पिढीचा, हे विचारायलाच हवं. इथेच पाणी मुरतं. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटी आणि आरएक्स ६४०० या स्वस्त कार्डांत हार्डवेअर एनकोडरच नाही. एनव्हिडियाच्या जीटी १०३०मध्येही नाही. जीटीएक्स १६५०, जे स्टीमच्या सर्वेक्षणात काही काळ पहिल्या क्रमांकावर होतं, ते ट्युरिंग पिढीचं. पण २०१९च्या मूळ आवृत्तीत एनकोडर मात्र आधीच्या पिढीचा बसवलेला होता. खोक्यावर यातलं काहीच ठळक लिहिलेलं नसतं. जुन्या बाजारात ही चारही कार्डं सर्रास दिसतात, आणि नवख्या स्ट्रीमरच्या गळ्यात नेमकी हीच पडतात, कारण ती स्वस्त असतात.

दुसरा शब्द कानावर येतो तो एव्ही१. तोच दर्जा कमी बिटरेटमध्ये देणारी ही नवी पद्धत. घरगुती कार्डांत तिचा एनकोडर २०२२ साली आला, आधी इंटेलच्या आर्क कार्डांत आणि मग आरटीएक्स ४० आणि आरएक्स ७००० मालिकांत. २०२३पासून ओबीएसमधून यूट्यूबला एव्ही१मध्ये लाइव्ह पाठवता येतं. आपल्याकडचे बहुतेक स्ट्रीमर यूट्यूबवर असल्यामुळे, आणि अपलोड जेमतेम असलेली घरं भरपूर असल्यामुळे, ही सोय आपल्याला जरा जास्तच उपयोगी आहे. जुन्या एच.२६४ पद्धतीत एएमडीची कार्डं बराच काळ एनव्हिडियाच्या मागे राहिली. २०२५च्या आरएक्स ९००० मालिकेत ते अंतर बरंच मिटलं. तेव्हा नवं कार्ड घेत असाल तर एनकोडरपायी एएमडीला नाकारायचं कारण उरलेलं नाही. जुनं घेत असाल तर मी एनव्हिडियाच्या बाजूने झुकेन.

इथे एक मोठी पोटशाखा आहे, आणि तिचं कोटेशन अगदीच वेगळं असतं. आपल्याकडे कितीतरी मुलं खेळतात ती मोबाइलवर, बीजीएमआय किंवा तत्सम खेळ. गेम चालवायचं काम फोन करतो. पीसीला फक्त चित्र घ्यायचं, त्यावर चेहरा आणि चॅट चिकटवायचं आणि पाठवायचं. अशा मशीनला महागडं ग्राफिक्स कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. क्विक सिंक असलेला साधा आय३ किंवा आय५, १६ जीबी रॅम आणि एक बरं कॅप्चर कार्ड, एवढ्यावर १०८०पी स्ट्रीम निभावतो. अडतं ते फोनपाशी. फोनच्या यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर काढायची सोय सगळ्या फोनांत नसते. स्वस्त फोनांत तर सहसा नसतेच. कॅप्चर कार्ड घेण्याआधी फोनच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट आउटपुट आहे का ते बघा. नसेल तर अँड्रॉइडवर 'एससीआरसीपीवाय' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर यूएसबी केबलवरून पडदा पीसीवर दाखवतं. आणि पबजी मोबाइल आपल्याकडे सप्टेंबर २०२०मध्ये बंद झाला, त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२मध्ये ॲप स्टोअरमधून गायब होऊन मे २०२३मध्ये परतला, हेही ध्यानात असू द्या. एकाच खेळावर सगळं मशीन बेतू नये, यासाठी एवढा इतिहास पुरे आहे.

पीसीवरच खेळणाऱ्यांकडे परत येऊ. कार्ड किती ताकदीचं हवं हे मॉनिटर ठरवतो. १४४०पी पडद्यावर ३६,८६,४०० ठिपके, म्हणजे १०८०पीच्या पावणेदोन पटींहून किंचित जास्त. ४केवर ८२,९४,४००, म्हणजे चौपट. बघणाऱ्याला जाणार १०८०पीच. पहिल्या मशीनला १०८०पी, १४४ हर्ट्झ किंवा वरचा मॉनिटर घ्या आणि आरटीएक्स ४०६०, ५०६०, आरएक्स ७६००, इंटेल आर्क बी५८० या वर्गातलं कार्ड. ही नावं दोन वर्षांत जुनी होतील, पण पारखायची रीत तीच राहील. एनकोडर बघा, मग कार्डावरची मेमरी. ८ जीबीवर आज १०८०पी चालतं, पण नवे गेम टेक्श्चर 'अल्ट्रा'वर ठेवले की तिच्यापलीकडे जाऊ लागले आहेत. त्यातच एकाच नावाची दोन वेगळी कार्डं विकली जातात. आरटीएक्स ३०६० आधी १२ जीबीचं आलं, पुढे त्याच नावाचं ८ जीबीचं आणि मेमरीचा रस्ताही अरुंद असलेलं. आरटीएक्स ४०६० टीआय, ५०६० टीआय, आरएक्स ९०६० एक्सटी, सगळी ८ आणि १६ अशा दोन रूपांत. कोटेशनवर कार्डाच्या नावापुढे जीबीचा आकडा नसेल तर तो दुकानदाराकडून लिहवूनच घ्या. आर्क घेत असाल तर मदरबोर्डच्या बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू असणं आवश्यक आहे. तो नसला तर कार्ड फार लंगडतं.

प्रोसेसर किती मोठा, हे तुम्ही काय खेळता त्यावर आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांत फ्रेम सेकंदाला शेकड्यांनी निघतात आणि घोडं प्रोसेसरपाशी अडतं. सायबरपंक २०७७सारख्या खेळात ते कार्डापाशी अडतं. मित्राच्या मशीनवर तपासायची सोपी युक्ती आहे. गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. सहा कोअर, बारा थ्रेडचा रायझन ५ ५६००, ७६०० किंवा आय५-१२४०० हा पहिल्या मशीनला पुरेसा आहे. स्पर्धात्मक खेळांत खरंच वरच्या फ्रेम हव्या असतील तर एएमडीचे 'एक्स३डी' प्रोसेसर बघा. २०२२च्या ५८००एक्स३डीपासून त्यांच्यावर निदान ९६ एमबीची एल३ कॅश असते आणि गेमला ती आवडते.

इंटेलच्या नावामागच्या 'एफ'कडेही बघा. आय५-१२४०० आणि १२४००एफ यांत वेगाचा फरक नाही. एफमध्ये आतलं ग्राफिक्स नाही, म्हणून क्विक सिंकही नाही. थोडे पैसे वाचतात म्हणून दुकानं एफच सुचवतात. स्ट्रीमरने बिनएफचा घ्यावा असं माझं मत आहे. स्ट्रीम कार्डावरच्या एनकोडरने पाठवता येतो आणि नंतरच्या एडिटिंगसाठी चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग क्विक सिंकने करता येतं. शिवाय कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेलं तर ते परत येईतो मशीन निदान चित्र तरी दाखवतं. रायझन ५ ५६००मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, ७६००मध्ये आहे, ७५००एफमध्ये नाही.

मदरबोर्डवर फार वेळ घालवायला नको. एएम४ सॉकेट आणि इंटेलचं एलजीए१७०० या दोन्ही गाड्या शेवटच्या स्टेशनात पोचल्या आहेत. स्वस्त मिळाल्या तर घ्या, पण पुढे त्याच बोर्डावर बरंच वरचं काही बसवण्याचं स्वप्न ठेवू नका. एएम५ला एएमडीने २०२७पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचं जाहीर केलंय. बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर धातूचे हीटसिंक असावेत, आणि टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू करता यावेत. विंडोज ११वर व्हॅलोरंट त्यांच्याशिवाय सुरूच होत नाही.

रॅम जोडीने घ्या. १६ जीबीच्या एका काडीपेक्षा ८च्या दोन बऱ्या, कारण मेमरीचे दोन रस्ते एकदम वापरता येतात. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर जोडी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसते. गेम, ओबीएस, ब्राउझर, डिस्कॉर्ड एकदम उघडे राहणार म्हणून १६ जीबी किमान आणि ३२ आरामाचे. मात्र २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये आपला क्रुशल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत १६वर थांबून पुढे भर घालायला जागा ठेवणं शहाणपणाचं. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एएमडीचं एक्स्पो चालू केल्याशिवाय रॅम छापील वेगाने चालत नाही, आणि जुळणी करून देणारी कितीतरी दुकानं ते चालू न करताच मशीन हातात देतात. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई घ्या. जेन३ की जेन४ याने गेममध्ये फारसा फरक दिसत नाही. रेकॉर्डिंग ४० मेगाबिटने केलं तर तासाला १८ जीबी जातात, तेव्हा पुढेमागे दुसरी ड्राइव्ह लागणार हे धरून चाला.

आता कोटेशनच्या तळाचा एसएमपीएस. पहिल्या मशीनचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट घेतं, ७६०० प्रोसेसर भरात ८८ वॅटपर्यंत जातो, उरलेल्या सगळ्याला साठ-सत्तर धरले तर बेरीज पावणेतीनशे वॅटच्या आसपास. म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. मोठा आकडा छापलेला स्वस्त डबा घेण्यापेक्षा डबा उलटा करून त्याचं लेबल वाचा. पीसीतलं जवळजवळ सगळं जड काम १२ व्होल्टच्या वाटेवरून चालतं. लेबलावर +१२व्ही खाली ४५ अँपिअर लिहिले असतील तर ५४० वॅट त्या वाटेवर खरोखर आहेत. पुढे ठळक अक्षरांत '५०० वॅट' आणि लेबलावर १८ अँपिअर असतील तर हाती आले २१६. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटांवर दाखवून बेरीज जुळवलेली असते. ऑफिसच्या पीसीला असा डबा वर्षानुवर्षं पुरतो. कार्डाने अचानक ओढ घेतली की बंद पडतो, आणि नशीब खराब असेल तर सोबत आणखी काही घेऊन जातो.

८० प्लसचा ब्राँझ, गोल्ड हा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, टिकाऊपणाचा नाही. निम्म्या भारावर ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९० टक्के, ही ११५ व्होल्टवरची मोजणी. मशीनला आत ३५० वॅट लागत असतील तर भिंतीतून ब्राँझ ४१२ ओढेल, गोल्ड ३८९. रोज पाच तास चालवलं तर महिन्याला साडेतीन युनिटचा फरक. युनिटला दहा रुपये धरले तरी पस्तीस रुपये. बिल वाचेल म्हणून गोल्ड घेण्यात अर्थ नाही. पण गोल्डच्या डब्यात सहसा आतला मालही बरा असतो आणि वॉरंटी सात-दहा वर्षांची मिळते, म्हणून घ्यावा.

पुढचा प्रश्न महावितरणचा. स्ट्रीम चालू असताना वीज गेली तर यूपीएस हवाच, निदान व्यवस्थित बंद करण्यापुरता. दुकानात हाताला येतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. मॉनिटर आणि राउटर धरून गेमिंग मशीन त्याच्या काठावर येऊन बसतं. १००० व्हीएच्या वरचा बघा. त्यातही स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर साइन लाटेऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसीवाले काही चांगले एसएमपीएस तिच्यावर बंद पडतात. प्युअर साइन लिहिलेला महाग पडतो, पण असा एसएमपीएस त्याच्यावर निर्धास्त चालतो. जुन्या चाळीत, वाड्यात राहत असाल तर आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा अर्थिंगच नसतं. माइकमध्ये येणारी घरघरही पुष्कळदा तिथूनच येते.

उन्हाळ्याचा हिशेबही साधा आहे. हवेने थंड होणारं मशीन खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. पुण्यात डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ६५वर चालणारा प्रोसेसर नागपुरात मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ८२च्या आसपास जाईल. म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जाळी हवी. सलग काच असलेली, आत रंगीबेरंगी दिवे पेटलेली कॅबिनेट फोटोत छान दिसतात आणि आत हवा कोंडते. धुळीची जाळी काढून धुता यावी. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते ना, तेही मिलिमीटरमध्ये मोजून घ्या.

माइकबद्दल थोडक्यात. खडबडीत चित्र लोक सहन करतात, खराब आवाज करत नाहीत. वर पंखा, स्वयंपाकघरात कुकर, अशा घरात कंडेन्सर माइक सगळं टिपतो. यूएसबीचा डायनॅमिक माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि ओबीएसमधलं नॉइज सप्रेशन लावा.

खरेदी करताना पक्कं बिल घ्या, १८ टक्के जीएसटी देऊन. कच्च्या बिलावर दोन-चार हजार वाचतात आणि कार्ड बिघडल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये सगळं मुसळ केरात जातं. बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर असावा, आणि तो खोक्यावरच्याशी तिथेच जुळवावा. बाहेरून आणलेला, भारतात वॉरंटी नसलेला मालही या बाजारांत फिरतो, भाव फारच कमी असेल तर "वॉरंटी इथली कोण देणार?" एवढं विचारा. वापरलेलं कार्ड घ्यायचं असेल तर समोर अर्धा तास गेम चालवून घ्या. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने मायनिंग बंद केल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली होती, त्यातली काही अजून हातोहाती फिरतात. त्यांच्या चिपपेक्षा पंखे आणि मेमरीवरची थर्मल पॅड आधी हात टेकतात.

मशीन घरी आणून सुरू केल्यावर आधी मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावली आहे का ते बघा. मग विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६०वरून १४४ करा. तो आपोआप होईलच असं नाही. मग यूट्यूबवर अनलिस्टेड स्ट्रीम सुरू करून, नेहमीचा गेम खेळत, ओबीएसची 'स्टॅट्स' ही खिडकी उघडी ठेवा. तिथे गळालेल्या फ्रेमचे तीन वेगळे आकडे दिसतात आणि तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत. रेंडरिंगमुळे चुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर गेमने कार्ड पूर्ण खाल्लंय आणि ओबीएसला चित्र जुळवायला जागा उरलेली नाही. गेमच्या फ्रेमना १४४वर लगाम घाला, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, तेवढ्याने बहुधा भागतं. एनकोडिंगमुळे सुटलेल्या फ्रेम वाढत असतील तर आउटपुटच्या सेटिंगमध्ये एक्स२६४ तसाच राहिलाय का ते बघा. पुष्कळदा हार्डवेअर एनकोडर निवडायचाच राहून गेलेला असतो. नेटवर्कमुळे टाकलेल्या फ्रेम वाढत असतील तर बिटरेट ६वरून ४.५ मेगाबिटवर आणा, चित्र ७२०पी करा, आणि रात्री नऊला पुन्हा अर्धा तास चालवून बघा.